कार्ल्याच्या लेखांचे पाद्री वाचक : ख्रिस्ती मत व महाराष्ट्राचें सार्वजनिक जीवन

(१)

मावळांतील कुसगांवाहून मुंबई-पुणें रस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर डाव्या हातास कार्ल्याची टेकडी लागते. तेथील चैत्यगृह, सिंहस्तंभ व दाराशींच असलेलें एकवीरा देवीचें देऊळ हीं वाचकांच्या परिचयाचीं आहेत. लेण्यांतील शिलालेखांत या स्थानाचें नांव वलूरक असें आलें असून, एका राजाज्ञेंत मामाल असें जें प्रदेशनाम आहे तेंच आजचें मावळ होय. सिंहस्तंभ हा महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक याचें दान आहे. महारठी या पदवीचा मराठे या नांवाशीं संबंध काय, हा वाद बाजूस ठेविला तरी, मावळच्या नांवाचा इतका जुना पुरावा कुसगांवच्या शेजारीं दगडावर कोरलेला आहे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

हे लेख लावण्याचा पहिला प्रयत्न एका ख्रिस्ती पाद्र्यानें केला, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. पाद्री जॉन स्टीव्हन्सन हा पुण्यांत स्कॉटिश मिशनचें काम सुरू करणाऱ्यांपैकीं एक. त्यानें १८३३ त मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापलें आणि १८३४ त कार्ल्याच्या कांहीं लेखांचें वाचन व भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पुढें मुंबई सरकारनें लेण्यांच्या पाहणीसाठीं जी समिति नेमली तिचा अध्यक्ष पाद्री जॉन विल्सन हा होता, आणि स्टीव्हन्सनही तींत होता. म्हणजे सह्याद्रीच्या लेण्यांचें संशोधन पहिल्या पिढींत बहुतांशीं धर्मोपदेशकांच्या हातीं होतें.

ख्रिस्ती मतांचा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर काय परिणाम झाला, या प्रश्नाचा विचार करतांना लोक सामान्यतः धर्मांतरांच्या गोष्टी काढतात, किंवा पंचहौद मिशनांतील १८९० च्या चहाच्या प्रकरणाशीं येऊन थांबतात. त्या प्रकरणाची हकीकत पुष्कळ वेळां सांगून झाली आहे. ती येथें पुन्हा सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ख्रिस्ती मताचा खरा ठसा बाप्तिस्म्याच्या नोंदींत सांपडत नाहीं. आपण आपला इतिहास ज्या रीतीनें वाचूं लागलों, त्या रीतींत तो सांपडतो. आणि त्या वाचनांतून पुढें राजकारण निघालें. स्टीव्हन्सनच्या कार्ल्याच्या वाचनाचें उदाहरण हा प्रकार समजण्यास फार उपयोगी आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

(२)

१८३४ त कार्ल्याची लिपि कोणासही वाचतां येत नव्हती. अलाहाबादच्या स्तंभावरील समुद्रगुप्ताचा लेख मात्र नुकताच प्रसिद्ध झाला होता. त्याची लिपि कार्ल्याहून कांहीं शतकें अलीकडची, म्हणून बरीचशी लागत होती. स्टीव्हन्सननें त्या अलीकडच्या अक्षरांशीं कार्ल्याचीं अक्षरें ताडून पाहिलीं आणि सादृश्यावरून एकेकास मूल्य दिलें. परिणाम असा झाला कीं, सुमारें एक तृतीयांश अक्षरें बरोबर लागलीं व बाकीचीं चुकलीं. लेखांचा खरा अर्थ हातीं आला नाहीं.

पुढें तीन वर्षांनीं, १८३७ त, जेम्स प्रिन्सेप यानें ही लिपि सोडविली. त्यास किल्ली मिळाली ती सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांत. त्या लेखांच्या शेवटीं तींच अक्षरें वारंवार येतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. कठड्यावर अनेकांनीं अनेक वेळां काय लिहिलें असेल? अर्थात् आपण दिलेल्या वस्तूचा उल्लेख. तेव्हां शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे असें त्यानें ताडलें, व तें खरें ठरलें. तोच शब्द कार्ल्याच्या खांबांवरही आहे.

या दोन रीतींतील भेद वाचकांनीं नीट लक्षांत ठेवावा. एका वाचकानें आपणांस अगोदरच येत असलेली लिपि दगडावर बसविली. दुसऱ्यानें दगड स्वतः पुन्हा पुन्हा काय सांगतो तें पाहिलें. पहिली रीत अगदींच निरुपयोगी नव्हे. तिनें एक तृतीयांश अक्षरें दिलीं, आणि कांहींच न वाचण्यापेक्षां तें पुष्कळ झालें. पण तिच्यावर थांबतां येत नाहीं. खुद्द स्टीव्हन्सनही थांबला नाहीं. नवी किल्ली मिळाल्यावर त्यानें सह्याद्रींतील लेख पुन्हा वाचले. त्याच्यावर भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ त सुधारणा केल्या, आणि त्यांच्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं सेनार यानें केल्या. लेखवाचनांत ही परंपरा चालू राहिली. धर्म व समाज यांच्या इतिहासाच्या वाचनांत मात्र पहिलेंच वाचन पुष्कळांनीं अखेरचें मानलें, आणि तेथेंच घोटाळा झाला.

(३)

स्टीव्हन्सननें शिलालेखांबरोबर लोकांचे देवही वाचावयास घेतले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यानें दख्खनमधील ब्राह्मणपूर्व उपासनांवर लिहिलें, आणि १८४३ त विठ्ठलभक्तांवर निबंध लिहून त्यांस बौद्ध-वैष्णव असें नांव दिलें. त्याच्या लेखांचा मथितार्थ असा कीं, वेताळासारखे गांवोगांवचे देव ब्राह्मणी धर्माच्या अगोदरचे आहेत, व आजचा लोकधर्म हा निरनिराळ्या थरांचा मिळून झालेला आहे.

ही कल्पना त्यास कोठून सुचली? त्याच्या निरीक्षणाचा वांटा मोठा आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. शेंदूर फासलेले धोंडे, त्यांची गांवाबाहेरची जागा, त्यांचा ब्राह्मणेतर पुजारी, या गोष्टी त्यानें डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. त्या वेळीं पुण्यामुंबईचे शास्त्री त्यांजकडे ढुंकूनही पाहत नव्हते. परंतु या निरीक्षणांस जो सांगाडा त्यानें दिला तो स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट शिकवणुकींतला होता. त्या शिकवणुकीप्रमाणें धर्माच्या इतिहासाच्या तीन पायऱ्या असतात : आरंभीं साधी व शुद्ध उपासना, मध्यें पुरोहितांनीं स्वार्थासाठीं केलेला बिघाड, आणि शेवटीं मूळ ग्रंथाकडे परत जाऊन केलेली सुधारणा. रोमच्या धर्मपीठाविरुद्ध भांडतांना यूरोपांत हा सांगाडा तयार झाला होता. हिंदुस्थानांत पोपच्या जागीं ब्राह्मण बसविला कीं तो येथेंही लागू पडल्यासारखा दिसे. समुद्रगुप्ताची लिपि कार्ल्यावर बसवावी, तसाच हा प्रकार.

आतां ताळा पाहूं. ग्रामदेवतांविषयीं स्टीव्हन्सनचें वाचन पुष्कळ अंशीं टिकलें आहे. दामोदर कोसंबी यांनीं शंभरावर वर्षांनीं पुण्याच्या आसपासच्या व मावळांतील वाटा पायीं तुडवून वेताळाचीं व मातृदेवतांचीं स्थानें तपासलीं, तेव्हां त्यांसही ब्राह्मणी धर्माहून जुना थर तेथें दिसला. विठ्ठलाविषयीं मात्र निकाल तितका सोपा नाहीं. विठ्ठल म्हणजे बुद्ध ही कल्पना स्टीव्हन्सननें शोधून काढली असें समजणें चुकीचें होईल. एकनाथादि संतांच्या वाणींत विठ्ठलास बौद्धावतार म्हटलें आहे, आणि दशावतारांच्या जुन्या चित्रांत नवव्या जागीं विठ्ठल काढलेला आढळतो. म्हणजे पाद्र्यानें येथील सामग्रीच उचलली. पण संतांच्या मनांतील अवतारकल्पना ही मूर्तीच्या उत्पत्तीचा पुरावा होत नाहीं. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ च्या आपल्या ग्रंथांत विठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या देवतेंत दाखविलें आहे. येथें एक तृतीयांशाचाच न्याय लागू पडतो.

(४)

विल्सनचें काम निराळ्या प्रकारचें होतें. तो वादी होता. १८२९ त मुंबईस आल्यापासून त्यानें हिंदु, मुसलमान व पारशी अशा तिन्ही धर्मांच्या लोकांस उघड वादास बोलाविलें. मोरभट दांडेकर यांनीं हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलें, त्यास विल्सननें १८३२ त उत्तर दिलें. सातारच्या नारायणरावांच्या पुस्तकास १८३४ त दुसरें उत्तर दिलें. १८३९ त दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां सगळें पारशी मंडळ खवळलें व प्रकरण न्यायालयांत गेलें.

हे वाद धर्माचे म्हणून वाचले जातात. आमच्या मतें ते महाराष्ट्रांतील सार्वजनिक जीवनाचे पहिले पाठ आहेत. पूर्वीं शास्त्रार्थ होत असत ते विद्वानांच्या सभेंत, संस्कृतांत, व राजाच्या किंवा मठाच्या आश्रयानें; निकाल देणारा कोणी तरी धनी असे. पाद्र्यांशीं झालेल्या वादांत दोन नवीन गोष्टी आल्या. वाद मराठींत झाला व तो छापून निघाला. म्हणजे न्याय देण्याचा अधिकार न कळत वाचणाऱ्या सामान्य माणसाकडे आला. पाद्र्यांनीं हें धर्मप्रसारासाठीं केलें, यांत शंका नाहीं. पण एकदां चावडी उघडली म्हणजे तेथें कोण बोलेल हें उघडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण विष्णुबोवा ब्रह्मचारी. १८५७ त मुंबईच्या समुद्रकांठीं त्यांनीं मिशनऱ्यांशीं वाद केले. त्यांचा वृत्तांत प्रतिपक्षाच्या जॉर्ज बोवेन या पाद्र्यानेंच प्रसिद्ध केला. विष्णुबोवांचा 'वेदोक्तधर्मप्रकाश' १८५९ त निघाला, आणि १८६७ त त्यांनीं सुखदायक राज्यप्रकरणावर निबंध लिहून सर्व प्रजा एका कुटुंबाप्रमाणें राहावी, जमीन व उत्पन्न समाईक असावें, अशी मांडणी केली. धर्मवादासाठीं उभा राहिलेला संन्यस्त वृत्तीचा पुरुष दहा वर्षांत राज्यव्यवस्थेपर्यंत पोंचला. ख्रिस्ती मत त्यांनीं घेतलें नाहीं, उलट आयुष्यभर खोडून काढलें. पण ज्या व्यासपीठावरून तें खोडलें तें व्यासपीठ त्या मताच्या प्रसारामुळेंच उभें राहिलें होतें.

मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राविषयींही असेंच म्हणतां येतें. १८४२ त अहमदनगरास निघालेल्या या पत्रांत १८५५ त जोतीराव फुले यांच्या शाळेंतील मुक्ता या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयींचा निबंध छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही धर्मपुस्तकरहित ठरलों, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न आहे. हा प्रश्न पाद्र्यांस सोईचा होता, म्हणून त्यांनीं तो छापला असें कोणी म्हणेल. असेल, पण सोय पाद्र्यांची असली तरी दुःख त्या मुलीचें होतें. त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या मराठी पत्रानें तें छापलें असतें, याचें उत्तर आक्षेपकांनीं द्यावें.

(५)

येथें मुख्य मुद्द्यास हात घालतों. जुन्या बखरी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, राज्य बुडालें, फौज मारली गेली, दुष्काळ पडला, कीं बखरकार कालगतीकडे किंवा ईश्वरी इच्छेकडे बोट दाखवितो. पानिपतच्या बखरींत हा सूर सर्वत्र आहे. कलियुगाची कल्पनाही अशीच : काळ पालटला, धर्म क्षीण झाला, त्यास करणारा कोणी नाहीं व उपायही मनुष्याच्या हातीं थोडा. याच्या उलट पाद्र्यांच्या सांगाड्यांत बिघाड हा कोणीं तरी केलेला असतो. ज्यानें केला त्यास नांव आहे, त्यांत त्याचा लाभ आहे; आणि जें मनुष्यानें बिघडविलें तें मनुष्यास सुधारतां येतें. दोष काळाकडून मनुष्याकडे आला कीं इतिहास हा राजकारणाचा विषय होतो. आमच्या मतें ख्रिस्ती मताचा सर्वांत खोल परिणाम हाच होय.

हें विधान सर्वस्वीं निरपवाद आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त राज्याच्या बऱ्यावाईटाचीं कारणें स्पष्ट मानवी नीतींत शोधलीं आहेत, आणि ढोंगी पुरोहितांवर कोरडे ओढण्यास आमच्या संतांस कोणा पाद्र्याची शिकवणी लागली नव्हती. पण संतांचा कोप ढोंग्यावर होता. तो एका समग्र इतिहासाच्या रूपानें मांडला गेला नव्हता. ती मांडणी जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' या १८७३ च्या पुस्तकांत केली.

जोतीराव १८४१ पासून १८४७ पर्यंत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत होते. त्यांनीं १८५५ त लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकांत पाद्री हें एक पात्रच आहे. 'गुलामगिरी'त आर्य ब्राह्मणांचें परक्या देशांतून येणें, बळीच्या राज्याचा पाडाव, मत्स्यकच्छादि अवतार म्हणजे त्या स्वाऱ्यांचे नायक, म्हसोबा व खंडोबा म्हणजे बळीच्या राज्यांतील अधिकारी, अशी रचना आहे; आणि ख्रिस्तास बळीच्याच मालिकेंत बसविलें आहे. विल्सननें १८५८ त तीन हजार वर्षांपूर्वींच्या हिंदुस्थानावर जें पुस्तक लिहिलें त्यांत बाहेरून आलेले आर्य व त्यांनीं जिंकलेले पूर्वरहिवासी यांचें चित्र होतेंच. स्टीव्हन्सनचे ब्राह्मणपूर्व देव त्याच्या अगोदरचे. १९८५ त रोझालिंड ओहॅन्लन यांच्या ग्रंथानें जोतीरावांच्या विचारांवरील मिशनच्या शिक्षणाचा व वादांचा परिणाम सविस्तर दाखविल्यापासून या संबंधाविषयीं शंका घेण्याचें कारण राहिलेलें नाहीं.

यावरून जोतीराव हे पाद्र्यांचे शिष्य व 'गुलामगिरी' हा मिशनचा प्रतिध्वनि, असा जो निष्कर्ष निबंधमालाकारांच्या काळापासून काढण्यांत येतो तो मात्र साफ चुकीचा आहे. याचीं कारणें तीन. एक, ज्या १८४७ त मिशनची शाळा सुटली त्याच सुमारास जोतीरावांनीं टॉमस पेनचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें. आणि पेन हा बायबलच्या ईश्वरोक्तत्वाचा कट्टर शत्रु होता. दोन, बळीचें राज्य येवो हें मागणें जोतीरावांनीं बायबलांतून आणलेलें नाहीं. सणाच्या दिवशीं ओवाळतांना आमच्या घरोघरच्या बायका तें मागत आलेल्या आहेत. कुणब्याच्या घरांतला हा पुरावा एकाही शास्त्र्यानें पुरावा म्हणून वापरला नव्हता, व पाद्र्यांसही त्याचें मोल कळलें नव्हतें. प्रिन्सेपनें 'दानं' हेरावें तसा तो जोतीरावांनीं हेरला. तीन, त्यांचें शेवटचें पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' १८९१ त, त्यांच्या मृत्यूनंतर, निघालें. त्यांत कोणतेंही एक धर्मपुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत खरें मानण्यास ते तयार नाहींत, आणि एकाच घरांत बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी असे सुखानें नांदूं शकतील असें चित्र ते काढतात. हें चित्र पाहून विल्सन संतुष्ट झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

मग 'गुलामगिरी'चें इतिहास म्हणून मूल्य काय? व्युत्पत्तींच्या बाबतींत तिचीं बरींच अक्षरें चुकलीं आहेत. महासुभा या शब्दापासून म्हसोबा काढणें भाषाशास्त्रास मान्य होणार नाहीं. अवतारांचें स्वाऱ्यांशीं लावलेलें नातें पुराव्यानें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु कुणब्याचे देव, सण व म्हणी हींसुद्धां इतिहासाचीं साधनें आहेत, हें अक्षर जोतीरावांनीं बरोबर वाचलें. राजवंशांच्या कागदांत रमणाऱ्या आम्हां संशोधकांस तें वाचावयास त्यानंतर पन्नास-साठ वर्षें लागलीं, हें आम्हीं मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे.

(६)

हाच सांगाडा दुसऱ्या टोंकासही पोंचला, आणि तिकडे त्याची चिकित्सा फारच कमी झाली आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे १८६७ त स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९०० त निघालें. त्यांतील संतांवरच्या प्रकरणांत त्यांनीं ज्ञानेश्वरापासून पुढें चाललेल्या चळवळीची तुलना उघडपणें सोळाव्या शतकांतील यूरोपच्या धर्मसुधारणेशीं केली आहे. संस्कृताच्या जागीं देशभाषा, पुरोहिताच्या जागीं भक्ति, जातीच्या अभिमानाच्या जागीं समता. आणि या जागृतीच्या पायावर शिवाजीमहाराजांचें राज्य. राजकीय उदयास अगोदर धर्मसुधारणा हवी, हा त्यांतील सिद्धान्त. राष्ट्रसभेच्या काळांत याचा अर्थ काय होत होता हें सांगणें नलगे.

जोतीरावांनीं व रानड्यांनीं एकाच लिपीनें निरनिराळे लेख वाचले, हें येथें दिसून येईल. एकास बिघाड करणारा पुरोहित दिसला, दुसऱ्यास सुधारणा करणारा संत दिसला. पण मूळ, बिघाड व सुधारणा ही त्रयी दोघांचीही तीच. आणि जे पाद्र्यांस शिव्या देत असत ते तरी या त्रयीबाहेर होते काय? वेदकाल शुद्ध, पुराणकाल भ्रष्ट, आतां वेदांकडे परत चला, असें सांगणारे दयानंद सरस्वती १८७५ त पुण्यांत व्याख्यानें देऊन गेले. त्यांचा ग्रंथ निराळा, पण पायऱ्या त्याच.

रानड्यांच्या वाचनास पहिला जोरदार विरोध केला तो इतिहासाचार्य राजवाडे यांनीं. पंढरीच्या संतांनीं राष्ट्र निवृत्तिपर केलें, आणि सहिष्णु हिंदुधर्माहून निराळा असा जयिष्णु महाराष्ट्रधर्म रामदासांनीं शिकविला, असें त्यांनीं मांडलें. हा विरोध एका अंशीं योग्य होता : सत्तेच्या उदयास वतनें, किल्ले, घाटवाटा व फौज यांचीं कारणें लागतात, केवळ अभंगांनीं राज्य होत नाहीं. पण राजवाड्यांनीं संतांस जो निष्क्रियतेचा दोष लाविला तो कागदांवरून लाविला नाहीं, मनांतील गरजेवरून लाविला, असें आमचें नम्र मत आहे.

रानड्यांच्या विधानाचा खरा ताळा पंढरपुरांतच आहे. संतांच्या चळवळीनें जातींची तीव्रता कमी केली असें ते म्हणतात. भजनांत व मनांत ती कमी झाली असेल. पण चोखामेळ्याची समाधि महाद्वाराबाहेर राहिली, आणि देवळाचें दार अस्पृश्यांस उघडण्यासाठीं १९४७ त साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. लूथरच्या मागें संस्थानें व राजे होते. चोखामेळ्याच्या मागें कोण होतें? यूरोपची लिपि येथें किती बसते व कोठें बसत नाहीं, हें या एका दारावरून समजतें.

(७)

पुढच्या पिढींत या वाचनाचें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत एकेश्वरी ख्रिस्ती पंथाच्या साहाय्यानें शिकले, व १९०६ त त्यांनीं मुंबईस अस्पृश्योद्धारासाठीं जी संस्था काढली तिच्या नांवांतच 'मिशन' हा शब्द घातला. शब्द घेतला, कामाची रीत घेतली, धर्मांतर वगळलें. ही निवड लक्षांत घेण्याजोगी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपलें १९४६ चें पुस्तक जोतीराव फुले यांस अर्पण केलें, आणि त्याच पुस्तकांत आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त नाकारला. गुरूस वंदन करून गुरूचें वाचन सुधारावें, याहून चांगला संशोधनधर्म आम्हांस माहीत नाहीं. कार्ल्याच्या लेखांबाबत स्टीव्हन्सनपासून सेनारपर्यंत जें घडलें तें समाजेतिहासांत येथें घडलें. पुढें २५ डिसेंबर १९५४ रोजीं कार्ल्याहून पुण्याच्या वाटेवरील देहूरोड येथें बुद्धमूर्तीची स्थापना करतांना त्यांनीं पंढरीचा विठोबा हा बुद्धच होय असें प्रतिपादन केलें. हें मत त्यांनीं स्टीव्हन्सनपासून घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास सादृश्याखेरीज पुरावा लागतो. पण शंभरावर वर्षांपूर्वीं एका पाद्र्यानें जें संतवाणींतून उचललें तेंच आतां बौद्ध धर्म स्वीकारण्याच्या वाटेवर असलेल्या एका समाजाच्या पुढें ठेविलें गेलें, इतकें मात्र खरें. पाद्र्यांनीं आपल्या सोईसाठीं जी वाट उकरली, तिनें जाणारे लोक त्यांच्या घरीं गेले नाहींत. १९५६ त नागपुरास जें धर्मांतर झालें तें कार्ल्याच्या भिक्षूंच्या धर्मांत झालें.

(८)

एकंदर विचार करतां ख्रिस्ती मतानें महाराष्ट्रास दोन गोष्टी दिल्या असें दिसतें : छापील वादाची मोकळी चावडी, आणि समाजाचें दुःख हें कोणाचें तरी कृत्य असून तें पालटतां येतें ही समजूत. या दोन्ही गोष्टी ज्यांनीं घेतल्या ते बहुतेक ख्रिस्ती झाले नाहींत. पाद्र्यांनींच दुही माजविली असें म्हणणारे, आणि पाद्र्यांनींच डोळे उघडले असें म्हणणारे, असे दोन्ही पक्ष एकाच चुकींत सांपडतात : येथील माणसें घेणारीं होतीं, निवडणारीं होतीं, टाकणारीं होतीं, हें दोघेही विसरतात. तसेंच परिणाम हा शब्द वापरतांना सादृश्य, परिचय व ऋण हे तीन निरनिराळे प्रकार आहेत याचें भान ठेवावें. सादृश्य डोळ्यांस दिसतें. परिचय कागदावरून सिद्ध करावा लागतो. ऋण तर ऋणकोच्या स्वतःच्या लेखावरूनच ठरतें.

कागदांचा विषय निघाला म्हणून संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. जुनीं दप्तरें उलगडतांना सनदा, महजर व पोथ्या जपून ठेवाव्या आणि मिशनच्या छापखान्यांतील चोपडीं, वादाचीं पत्रकें, 'ज्ञानोदया'चे सुटे अंक व मिशनशाळांचीं हजेरीपुस्तकें पाद्र्यांचा केरकचरा म्हणून बाजूस टाकावीं, असा प्रकार आमच्या पाहण्यांत पुष्कळ वेळां आला आहे. मोरभट दांडेकरांच्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर विल्सननें आपल्या उत्तराच्या आरंभीं छापलें आहे. मुक्तेचा निबंध मिशनच्या पत्रांतच उरला. विष्णुबोवांचे समुद्रकांठचे वाद त्यांच्या प्रतिपक्ष्यानें लिहून ठेविले. आपल्याच माणसांचे शब्द परक्यांच्या कागदांत राहिलेले आहेत. जोतीरावांचें 'तृतीय रत्न' लिहून झाल्यापासून सव्वाशें वर्षें हस्तलिखितांत पडून राहिलें व १९७९ त छापलें गेलें. तें ज्यांनीं जपलें त्यांचे उपकार मानावे तितके थोडे.

कुसगांवच्या आसपास मावळांत जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याचें काम सध्यां झपाट्यानें चाललें आहे. अशा घरांच्या माळ्यावर काय निघेल हें सांगतां येत नाहीं. जें निघेल त्याचा धर्म न पाहतां तें वाचनासाठीं राखून ठेवावें. कार्ल्याच्या खांबांवर यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. तेथल्या भिक्षूंनीं दात्याचें कूळ पाहून खांब नाकारला नाहीं. संशोधकानेंही तोच नियम पाळावा.